लॅमिनेट केलेली तिकिटं

दादा गेला त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. घरात माणूस गेलं की शेजारीपाजारी जेवणाचे डबे आणतात. त्या वर्षी शेजाऱ्यांनी भरलेल्या घागरी आणून ठेवल्या. कोणाची घागर कोणती हे परत देताना कळावं म्हणून वहिनीनं त्यांच्या गळ्यांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या. लोक भेटायला येऊन बसलेले असतानाही ती मधूनच उठून एखादी सुटलेली चिंधी परत बांधायची. मी नांदेडहून आले होते. रडण्याचं काम इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं. मी आल्यागेल्यांच्या चपला दारातून बाजूला सरकवत राहिले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंते गेले, दादाचा मुलगा पुण्याला आणि मुलगी सोलापूरला परतली. वहिनीचा भाऊ तेवढा थांबला. त्याचं औशाला सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. माणूस मायाळू आहे, पण थट्टा केल्याशिवाय त्याला माया करता येत नाही. चहा घेता घेता तो वहिनीला म्हणाला,

"अक्का, आता दाजींचा खजिना काढ की भाईर. बघू तरी किती लाखाचा हाय."

खजिना म्हणजे दादाची पोस्टाची तिकिटं. वहिनीच्या माहेरी हा शब्द इतकी वर्षं वापरला गेला होता की त्यातली थट्टाही झिजली होती. वहिनीनं कप खाली ठेवला.

"काढीन," ती म्हणाली. "तुझ्या म्होरंच काढीन. जरा दम धर."

तो औशाला गेल्यावर तिनं कपाट उघडलं आणि निळ्या रेक्झिनच्या अल्बमांचा ढीग माझ्यापुढे आणून ठेवला. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, म्हणून कागदाशी संबंधित सगळं मला कळतं असा घरात समज आहे.

"ताई, तुमचे दादा म्हणायचे, माझ्यामागं हे तुझ्या कामाला येईल. हा हसायचा, माझी आई हसायची, समदं माहेर हसायचं. अन् मी दर खेपेला म्हणायचे, त्यांना कळतंय, तुम्हाला न्हाई कळत. आता मला बघायचंय, मी एवढे दिवस खरं बोलत होते का खोटं."

तिला पेन्शन होती आणि घर स्वतःचं होतं. पैशाची नड नव्हती, हे इथेच सांगून ठेवते. तिला उत्तर हवं होतं, आणि ते भावासमोर ठेवता येईल असं हवं होतं.

दादाला तिकिटांचा नाद लागला तो बाहत्तरच्या दुष्काळात. आमचं गाव अहमदपूरपासून आत आहे. वडील पाझर तलावाच्या कामावर जात, आई खडी फोडायला जाई. ज्यांना तेही काम पुरेना ती माणसं पुण्यामुंबईकडे, निजामाबादकडे निघून गेली, आणि मग त्यांची पत्रं गावात येऊ लागली. एरवी आमच्या गावाला पत्र म्हणजे कोणाचा तरी मृत्यू किंवा कोर्टाची नोटीस. त्या वर्षी पोस्टमनच्या सायकलीची घंटी वरचेवर ऐकू यायची. वाचता येणारं माणूस मात्र गावात कमी, आणि जे होतं त्याला वेळ नव्हता. दादा हायस्कुलात होता. पत्र वाचून दाखवायला लोक त्याला बोलवू लागले. आधी आमच्या वस्तीतले, मग गावातलेही. गावातल्या घरांत तो अंगणात उभा राहून वाचायचा आणि ओसरीवर बसलेले ऐकायचे. वाचून झालं की कोणी गूळ देऊ करी, कोणी काहीच नाही. दादा तिकीट मागायचा.

पोस्टकार्डाचं आणि आंतरदेशीय पत्राचं तिकीट छापीलच असतं, ते काढता येत नाही. पण त्या काळात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी म्हणून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. ते छोटं तिकीट चिकटवलेलं असायचं. दादाचा पहिला साठा झाला तो या पाच पैशांच्या तिकिटांचा. एकसारखी, दिसायला साधी, काही तर शिक्क्यानं पार काळी झालेली.

तिकीट कागदापासून सोडवायला ते पाण्यात भिजत घालावं लागतं, आणि पाणी तर नव्हतं. आईनं त्याला एकच सवलत दिली होती. भांडी विसळलेलं पाणी शेळीला जायच्या आधी त्यात तिकिटं टाकायची. परातीतल्या त्या गढूळ पाण्यावर तिकिटं तरंगत, सुटली की दादा ती काडीनं उचलून दगडावर वाळत घाली आणि परात शेळीपुढे सरकवी. एकदा त्याला उशीर झाला आणि शेळीनं पाण्याबरोबर तिकिटंही खाल्ली. दादा दोन दिवस शेळीशी बोलला नाही.

पुढे शिक्षण, टायपिंगची परीक्षा, इकडेतिकडे हंगामी कामं यात काही वर्षं गेली. लातूर उस्मानाबादेतून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं तेव्हा दादाला नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. त्याआधी साध्या दाखल्यासाठी आमच्या गावच्या माणसाला उस्मानाबादला जाऊन मुक्काम करावा लागे. आता सगळं लातुरात आलं. कचेरीसमोरच्या रस्त्यावर अर्ज लिहिणारे बसू लागले, स्टॅम्पपेपरवाले आले, झेरॉक्सची दुकानं निघाली, आणि काही वर्षांनी त्यातल्याच एका दुकानात लॅमिनेशनचं यंत्र आलं.

हे यंत्र आमच्या घरात किती मोठी गोष्ट होती, हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. आमच्या आधीच्या पिढीत कोणाकडे कागद नव्हता. आजोबांच्या जन्माची नोंद नव्हती, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला वाळवीनं खाल्ला होता. आम्ही भावंडं जे काही झालो ते कागदांवर झालो. जातीचा दाखला, गुणपत्रिका, नेमणुकीचा हुकूम. त्या प्रत्येक कागदासाठी कोणीतरी कुठल्यातरी टेबलापुढे ताटकळलं होतं. त्यामुळे कागद दोन बाजूंनी प्लास्टिकमध्ये बंद होऊन गरमागरम बाहेर येतो, त्याला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, हे पाहून दादा हरखला. त्यानं माझी पदवी लॅमिनेट करून नांदेडला पाठवली. आईचं मतदार कार्ड केलं. लग्नपत्रिका केली. वहिनी म्हणे, एक दिवस मलाही करून आणतील.

संचांची सुरुवात नोकरी लागल्यानंतर झाली. एका साप्ताहिकात जाहिरात होती: जगातल्या दुर्मिळ तिकिटांचे संच, मर्यादित आवृत्ती, दर महिन्याला एक, व्ही.पी.नं घरपोच. दादानं नाव नोंदवलं. पोस्टमन यायचा तेव्हा दादा कचेरीत असायचा, त्यामुळे व्ही.पी. सोडवून घ्यायची ती वहिनी. पोस्टमनला पैसे मोजून, सही करून पाकीट घ्यायची आणि न उघडता कपाटावर ठेवायची. संध्याकाळी हातपाय धुऊन दादा ते उघडायचा. तिकिटं सुंदर होती, यात शंका नाही. त्रिकोणी, चौकोनी, एखादं सोनेरी वर्खाचं. फुलपाखरं, रॉकेट, खेळाडू, राणी. ज्या देशांची ती होती त्यांतले निम्मे आम्हाला नकाशात शोधावे लागत. आणि प्रत्येक संचाबरोबर एक प्रमाणपत्र यायचं. वर क्रमांक, खाली सही, कोपऱ्यात उठावाचा गोल शिक्का. दादा तिकिटं एकदा पाहायचा आणि प्रमाणपत्र दोनदा वाचायचा.

आधी त्यानं प्रमाणपत्रं लॅमिनेट केली. मग तिकिटंही.

वहिनीचा भाऊ तेव्हा पोरगेलासा होता, दुकानात नुकताच बसू लागला होता, पण जीभ आतासारखीच. "दाजी, एवढी तिकिटं घेऊन पत्र कुणाला पाठवायलाव? राणीला का?" दादा चिडायचा नाही. म्हणायचा, "तुझं सिमेंट पावसात दगड होतंय. माझं काय होतंय ते बघ आणखी वीस वर्षांनी." तेवढ्यात वहिनी म्हणायची, "त्यांना कळतंय." आणि विषय संपायचा.

मी अल्बम नांदेडला घेऊन आले. आमच्या कॉलेजात गणित शिकवणारे एक सर होते. निवृत्त झालेत. त्यांच्या वडिलांपासून घरात तिकिटांचा संग्रह आहे, निजामाच्या राज्यातल्या उर्दू अक्षरांच्या तिकिटांचा. फोन करून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पांढरा टॉवेल पसरला, दिवा ओढून जवळ घेतला आणि पहिला अल्बम उघडला. थोडा वेळ ते नुसते पानं उलटत राहिले.

"मॅडम, हे फुलपाखराचं तिकीट कोणत्या पत्रावर गेलं होतं?"

"ते मला कसं माहीत असणार सर?"

"कोणत्याच नाही. हा शिक्का बघा. चारही तिकिटांवर नेमका कोपऱ्यात, सारखाच. आपल्या पोस्टातला कारकून कधी एवढा नीटनेटका शिक्का मारतो का? आणि उलटं करा." त्यांनी पान पालथं केलं. प्लास्टिकखाली तिकिटांची पाठ चमकत होती. "डिंक जागेवर. पत्रावर गेलं असतं तर डिंक उरला असता का? छापखान्यातच शिक्का मारायचा आणि गठ्ठ्यानं विकायचं. अशी पुष्कळ निघाली त्या काळात. लग्न लागायच्या आधीच काडीमोड झालेली तिकिटं आहेत ही."

"पण प्रमाणपत्रावर मर्यादित आवृत्ती लिहिलंय."

"मर्यादा किती, ते कुठं लिहिलंय?"

मी प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी चष्मा काढला. "हे प्लास्टिक कुणी केलं?"

"दादानं. खराब होऊ नये म्हणून."

"हां." ते चष्मा पुसू लागले. "आम्ही लोक तिकिटाला बोट लावत नाही. चिमट्यानं उचलतो. आता हे सोडवायला गेलं तर तिकीटच फाटेल. पण एक सांगू का, लॅमिनेशननं तुमच्या भावाचं नुकसान काही झालं नाही. जी किंमत मुळात नव्हती ती कमी कुठून होणार?"

ते बोलले ते कठोर नव्हतं. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. नंतर उठून आत गेले आणि एक अल्बम घेऊन आले. तोच निळा रेक्झिन, तीच फुलपाखरं, तसंच प्रमाणपत्र. क्रमांक तेवढा वेगळा.

"नोकरी लागली तेव्हा मीपण घेतला होता. अब्बा म्हणाले, अरे, घरात खरी तिकिटं असताना हे काय घेऊन राहिलास? मी म्हटलं, ह्याला प्रमाणपत्र आहे. नंतर विकायला हैदराबादला घेऊन गेलो, तर तिथला व्यापारी म्हणाला, साहेब, घरात मुलं असतील ना, खेळायला द्या त्यांना."

अल्बमांच्या तळाशी दोन खाकी पाकिटं होती. एकात दुष्काळातली पाच पैशांची तिकिटं. ती पाहून सर हसले. "ही तर गावोगावी सापडतात. तुमच्या दादाला गोड असतील, बाजाराला नाहीत."

दुसऱ्या पाकिटात आपल्याच देशाची कोरी तिकिटं होती. नवं तिकीट निघालं की दादा दुपारच्या सुट्टीत पोस्टात जाऊन दहा-वीस घेऊन यायचा. काही पत्रांना वापरायचा, उरलेली यात टाकायचा. धरणं, पक्षी, पुढारी, आगगाडीची इंजिनं. पंचवीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया, दोन रुपये. खिडकीवर पैसे देऊन घेतलेली, प्रमाणपत्र नसलेली. म्हणून ती लॅमिनेट करायच्या लायकीची आहेत असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"ह्यांचेही जास्त पैसे कोणी देणार नाही," सर म्हणाले. "भरमसाट छापलेली आहेत. पण ह्यांच्यावर जेवढे पैसे छापलेत तेवढ्याचं टपाल अजून जायला पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे जातं. पोस्टात विचारून घ्या."

लातूरला जाताना वहिनीला हे कसं सांगावं याचा विचार मी एसटीत लोह्यापासून अहमदपूरपर्यंत केला. पुढे झोप लागली.

ती सुपात तांदूळ निवडत होती. पाऊस चांगला झाला होता, घागरी कधीच आपापल्या घरी गेल्या होत्या, चिंध्या मात्र तिनं खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवल्या होत्या. मी बसले तशी ती म्हणाली, "समदं सांगा. मधलं काही गाळू नका."

मी सगळं सांगितलं. काडीमोडाचं सांगताना ती किंचित हसली. लॅमिनेशनचं सांगताना तिचा हात सुपात थांबला.

"म्हणजे भाऊ खरा," ती म्हणाली.

"संचांपुरता खरा."

"संचच तर होते." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "लॅमिनेशनला कवा कवा मीच जायचे. ह्यांना कचेरीतून निघता यायचं न्हाई. मी रांगेत उभी राहायचे. दुकानवाला म्हणायचा, वहिनी, आता शंभर वर्षं ह्याला काही होत न्हाई बघा."

"हो."

"तेवढं तरी खरं निघालं."

तांदूळ निवडून झाले, तिनं सूप झटकलं आणि विचारलं, "अन् ती साधी, पोस्टातली?"

"ती पत्राला लागतात म्हणाले. आहे तेवढ्या किमतीला."

"आजबी?"

"आजही. पोस्टात विचारायला पाहिजे."

"मग लावू की," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली. मला वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. वर्ष भरत आलं तेव्हा तिचा फोन आला. पहिल्या स्मृतिदिनाच्या पत्रिका छापून आल्या होत्या, लिहायला या म्हणाली. मी गेले तर दारातच तिनं बजावलं, "फोन कुणाला करायचा न्हाई. मोबाईलवर पाठवायचं न्हाई. पोरांलाबी तसंच सांगितलंय. समद्यांला पोस्टानं."

"वहिनी, आजकाल पोस्टानं आलेलं कोणी उघडून बघत नाही. माणसं आली नाहीत तर?"

"न्हाई आली तर न्हाई आली. कळंल मला."

तेव्हा मला कळलं की तांदळाच्या सुपापासून तिनं हाच विचार धरून ठेवला होता. दादा म्हणाला होता, कामाला येईल. ते कामाला येतं की नाही हे ती एकाच पद्धतीनं तपासणार होती, आणि त्या तपासणीत दादाचा पहिला स्मृतिदिन पणाला लागला होता. आली नाहीत तर मांडवात आम्ही दोघी, मुलं आणि भंते एवढेच बसणार होतो. आणि औशाला नवी थट्टा तयार झाली असती.

जुन्या तिकिटांचा डिंक मेलेला होता. वहिनीनं वाटीत पाणी आणि दुसऱ्या वाटीत खळ घेतली. पाकिटाला पाच रुपयांची तिकिटं हवी, आणि हाताशी जास्त करून पंचवीस-पन्नास पैशांची. त्यामुळे पाकिटाच्या पुढच्या बाजूला तिकिटांच्या रांगाच्या रांगा झाल्या आणि पत्ता लिहायला मधोमध खिडकीएवढी जागा उरली. मी त्या खिडकीत बारीक अक्षरात पत्ते लिहिले: अहमदपूर, औसा, नायगाव, सोलापूर, आमचं गाव. काम झाल्यावर वाटीतलं पाणी तिनं कढीपत्त्याच्या बुडाशी नेऊन ओतलं.

पोस्टाच्या खिडकीवर एक तरुण होता. त्यानं वरचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"मावशी, हे काय आणलंय? चाराणे बंद झाले की कवाच. दुकानातबी घेत न्हाईत."

"नाणं बंद झालंय," वहिनी म्हणाली. "तिकीट बंद झालंय का?"

"तेच ते."

"तेच कसं? तसं परिपत्रक असंल तर दाखवा."

हा शब्द तिच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला. दादा कचेरीतून येऊन तो रोज वापरायचा. तरुणानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक पाकीट घेऊन आत गेला. आतून बोलण्याचा आवाज येत होता, कोणीतरी हसलंही. आमच्या मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, नवीन तिकिटं घ्या आन् मोकळं व्हा." वहिनी त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही.

तरुण परत आला. "चालतंय म्हणायलेत साहेब."

"मग घ्या."

"मावशी, पण हे एवढ्या तिकिटांवर शिक्के मीच मारायचे का आता?"

"तुमचंच काम हाय बाबा."

"एका पाकिटाला पंधरा तिकिटं लावलीत. हात मोडंल माझा."

"आमचे मालकबी कारकूनच व्हते," वहिनी म्हणाली. "तीस वर्षं शिक्के मारले. काही मोडलं न्हाई त्यांचं."

रांगेतले लोक हसले, तोही हसला. आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत शिक्क्याचा आवाज येत राहिला. घाईघाईचा, वेडावाकडा. सर म्हणाले होते तसा.

स्मृतिदिनाला सकाळी मांडवात सतरंज्या घातल्या. मुलगा पुण्याहून, मुलगी सोलापूरहून आली होती. दोघांना आईचा बेत पसंत नव्हता, पण बोलत नव्हती. पहिले आले नायगावचे आमचे मावसभाऊ. मग गावाकडचे, जीप करून. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं पाकीट घडी करून टोपीत ठेवलेलं होतं. त्याच्या लेकाचं मुंबईहून आलेलं पत्र दादानं त्यांच्या अंगणात उभं राहून वाचलं होतं म्हणे. मला ते आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं. अहमदपूरचे आले. कचेरीतले जुने सहकारी आले. काहीजण आले नाहीत. त्यांना पत्रिका मिळाली नाही की मिळूनही ते आले नाहीत, हे कळायला मार्ग नाही. सतरंज्या भरल्या नाहीत, पण रिकाम्याही दिसत नव्हत्या.

औशाचा भाऊ आला नव्हता. औसा एवढं जवळ की तो सगळ्यांच्या आधी यायला हवा होता. भंते आले, मेणबत्त्या लावल्या, वंदना सुरू झाली. वहिनी हात जोडून बसली होती आणि तिची नजर फाटकाकडे होती. मुलीनं माझ्या कानात विचारलं, "आत्या, मामाला एक फोन करू का?" मी मानेनंच नको म्हटलं. माझ्याही मनात तेच आलं होतं.

वंदना संपत आली तेव्हा फाटकाशी मोटारसायकल थांबली. तो मागे येऊन बसला. जेवणं सुरू झाली तेव्हा सरळ वहिनीपाशी आला आणि खिशातून पाकीट काढलं.

"अक्का, हे काय हाय? पत्ता कुठं अन् तिकिटं कुठं. पोस्टमन म्हणला, शेठ, तुम्हाला कुणी तिकिटांचं दुकानच पाठवलंय. आज सकाळी दिलं बघ त्यानं. दुकान तसंच सोडून निघालो."

"मिळालं ना?"

"मिळालं की. दाजींची तिकिटं चालली म्हणायची." त्यानं पाकीट उजेडात धरलं. "नुसता फोन केला असतास तरी आलो असतो मी."

"फोन केला न्हाई मी," वहिनी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग ताट घेऊन पंगतीत बसला.

संचांचं नंतर काय झालं, हे कोणी विचारलं तर सांगते. लॅमिनेट केलेली पानं वहिनीनं स्वयंपाकघरातल्या फडताळात डब्यांखाली अंथरली आहेत. तेल सांडलं तर पुसून घेता येतं. फुलपाखरांवर डाळीचा डबा आहे, रॉकेटवर साखरेचा. प्रमाणपत्रं तिनं तिथे घातली नाहीत. ती दादाच्या नेमणुकीच्या हुकमाबरोबर पेटीत आहेत. त्याचं कारण मी विचारलं नाही.

त्या दिवशी पाहुणे निघाले तेव्हा वहिनीनं भावाला ते पाकीट परत मागितलं. त्यावर आगगाडीच्या इंजिनांची एक पूर्ण रांग होती, दादाची आवडती. तिला ते ठेवायचं होतं. भावानं ते शर्टाच्या खिशात घालून वरून बटण लावलं.

"माझ्या नावावर आलंय," तो म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारली.